अंताचे भान आणि मधला आठवडा : ‘तमस’ या लघुमालिकेच्या स्मरणीयतेचा विचार

साहित्यकृतीवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. मालिका मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक आहे, हे एक अंग. तिला प्रेक्षकांचा प्रतिसाद किती लाभला, हे दुसरे. मोजक्या भागांत संपलेली एखादी मालिका तीन-चार दशकांनंतरही स्मरणात का टिकून राहते, या प्रश्नाचे उत्तर मात्र या दोहोंतून मिळत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’ (१९८८) या मालिकेच्या आधारे तपासावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १९८४-८५ मध्ये दिल्ली दूरदर्शनवरून प्रसारित झालेली ‘हम लोग’ ही दीडशेहून अधिक भागांची मालिका होती. तिचे लेखक मनोहर श्याम जोशी हे लखनौ विद्यापीठाचे विद्यार्थी. प्रेक्षकांच्या पत्रांचा विचार करून तिचे कथानक वळणे घेत गेले. अशा मालिकेत पात्रांचे भवितव्य लेखकालाही पूर्णपणे ठाऊक नसते. प्रेक्षक तिच्यासोबत राहतो, जसा शेजाऱ्यांसोबत राहतो. लघुमालिकेचे तसे नाही. तिचा शेवट पहिला भाग दाखविला जाण्यापूर्वीच निश्चित झालेला असतो आणि त्या शेवटाच्या दृष्टीनेच प्रत्येक प्रसंगाची योजना झालेली असते. या अर्थाने ती कादंबरीची सख्खी बहीण आहे. तथापि कादंबरीचा वाचक पुस्तक हवे तेव्हा मिटू शकतो, हवे तेव्हा शेवटचे पान उघडू शकतो. लघुमालिकेच्या प्रेक्षकाला ही मुभा नव्हती. अंत ठरलेला आहे, पण तो आपल्या हाती नाही, या जाणिवेतच त्याचे आठवडे जात.

‘तमस’च्या निर्मितीचा इतिहास महाराष्ट्राशी निगडित आहे, याकडे मराठी अभ्यासकांचे क्वचितच लक्ष गेले आहे. भीष्म साहनी मूळचे रावळपिंडीचे. १९४७ च्या दंगली त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या. परंतु त्या अनुभवाला कादंबरीचे रूप लाभले ते १९७० च्या भिवंडीतील दंगलीनंतर. बंधू बलराज साहनी यांच्यासमवेत त्यांनी भिवंडीला भेट दिली. उद्ध्वस्त घरे आणि थांबलेल्या मागांची शांतता पाहताना त्यांना रावळपिंडीची आठवण झाली, असे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. म्हणजे पंजाबातील स्मृती महाराष्ट्रातील विणकरांच्या गावी जागी झाली व हिंदीत कादंबरीरूपाने अवतरली. या कादंबरीस १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

माध्यमांतर करताना निहलानींनी केलेला एक बदल निर्णायक ठरतो. कादंबरीच्या आरंभी नथ्थू नावाचा गरीब चर्मकार, काय घडणार आहे याची कल्पना नसताना, सांगितल्यावरून एक डुक्कर मारतो. पुढे ते मशिदीच्या पायऱ्यांवर आढळते. कथानक खेड्यांकडे वळल्यावर नथ्थू मागे पडतो आणि त्याच्या मृत्यूचा केवळ उल्लेख येतो. कारस्थान करणारा मुराद अली शेवटी शांतता-फेरीच्या बसमध्ये बसून घोषणा देतो, हा कादंबरीचा उपरोध. मालिकेत मात्र नथ्थू आणि त्याची गर्भवती पत्नी कर्मो ही दोघे प्रवासात हरनाम सिंग व बंतो या वृद्ध दांपत्याला भेटतात आणि कथेची दोन सुटी अंगे एकत्र येतात. अखेरीस निर्वासितांच्या छावणीत कर्मोला मूल होते. कादंबरीचा विषय झालेले शहर आणि खेडी मालिकेत एका जोडप्याच्या वाटेवर उभी राहतात. ओम पुरी व दीपा साही यांच्या भूमिका लक्षात राहतात त्या अभिनयामुळे तर खऱ्याच; पण त्याहीपेक्षा, नथ्थूच्या मनातील अपराधाचे ओझे प्रेक्षक प्रत्येक भागात त्याच्यासोबत वाहतो, यामुळे. जे प्रेक्षकाला ठाऊक आहे ते इतर पात्रांना ठाऊक नाही, आणि या रहस्याला साक्षी राहण्याचा भार आठवडाभर टिकतो.

याच मधल्या आठवड्यात मालिका न्यायालयात गेली. काही भाग प्रक्षेपित झालेले असताना, हिच्यामुळे सार्वजनिक शांतता भंगेल असा आक्षेप घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. न्या. लेन्टिन व न्या. सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका पाहून प्रक्षेपणाचा मार्ग मोकळा केला; फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी फेटाळली. कृतीचा परिणाम समंजस व खंबीर मनाच्या सामान्य माणसाच्या दृष्टीने पाहावा, दुर्बल व डळमळीत मनाच्या नव्हे, हा निकष त्यासाठी आधार ठरला. तो व्हिव्हियन बोस यांनी नागपूरच्या न्यायालयात, स्वातंत्र्यापूर्वी, मांडलेला होता. साहित्यशास्त्राच्या दृष्टीने यातील महत्त्वाची बाब अशी, की न्यायालयाने तुकड्यावरून नव्हे, तर पूर्ण कृतीवरून निर्णय दिला. अंत ठरलेला होता म्हणूनच हे शक्य झाले. अनंत चालणाऱ्या मालिकेबाबत ‘संपूर्ण कृती’ हा शब्दप्रयोगच अर्थशून्य ठरतो.

अभिग्रहणाचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम देशभर एकाच वेळी दिसू लागल्याने एकच संहिता निरनिराळ्या भाषिक परिसरांत एकाच रात्री पोहोचत असे. लखनौच्या अलीगंज भागाचे उदाहरण घ्यावे. तेथील जुन्या हनुमान मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे. मंदिराचा संबंध लोकश्रुती अवधच्या एका बेगमेशी जोडते. ज्येष्ठातील ‘बडा मंगल’ हा तेथील मोठा उत्सव. ज्याच्या वस्तीची ओळखच अशा सरमिसळीतून घडली आहे, त्या प्रेक्षकाला ‘तमस’मधील निनावी शहर परके वाटण्याचे कारण नाही, तेथील हिंदुस्थानी संवाद तर त्याच्या घरचेच. पुण्याच्या प्रेक्षकापुढे भाषेचा थोडा अडसर होता. मात्र ‘तमस’ या संस्कृत शब्दात त्याला आपला ‘तम’ ओळखू येत होता, आणि जसबीरच्या भूमिकेत उत्तरा बावकर होत्या. एकाला ही आपल्या परिसरात घडू शकणारी गोष्ट वाटावी, दुसऱ्याला दूरच्या प्रांताचा इतिहास. आणि भिवंडीचा संदर्भ कळताच दुसऱ्याचे ते अंतरही नाहीसे व्हावे. तौलनिक अभ्यासाला येथे पुष्कळ वाव आहे.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीवरील मराठी मालिकेची तुलना येथे उपयुक्त ठरेल. गजानन जागीरदारांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत माधवरावांचा १७७२ मधील थेऊर येथील मृत्यू प्रत्येक मराठी प्रेक्षकाला आधीच माहीत होता. म्हणून रवींद्र मंकणी व मृणाल देव यांच्या सुखाच्या प्रसंगांवरही त्या मृत्यूची छाया पडत असे. ‘स्वामी’त अंत इतिहासाने ठरवला, ‘तमस’मध्ये तो कादंबरीकाराने आणि त्यानंतर दिग्दर्शकाने. दोहोंत प्रेक्षकाने मधले दिवस त्या अंताच्या सावलीत काढले. लघुमालिकेची स्मरणीयता शोधताना अभ्यासकाने भागांइतकेच या मधल्या दिवसांकडेही पाहिले पाहिजे. सर्व भाग एका बैठकीत पाहण्याची सोय आज झालेली असल्याने, हे दिवस आता संहितेतून गळून पडले आहेत. जुन्या मालिका आज नव्याने पाहताना आपण तीच कृती पाहत आहोत काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही.