पळसाची उलंगवाडी झाल्यावर

होळी आटोपली की यवतमाळकर फुलांचं खातं बंद करून टाकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरकवड्याच्या, घाटंजीच्या, दारव्ह्याच्या रस्त्याला पळस पेटलेला असतो, तेव्हा गाड्या थांबवून फोटो काढले जातात आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना धाडले जातात. मग सडा पडतो, वाळतो, पायाखाली चुरतो. शेतातली कापसाची शेवटची वेचणी होऊन नुसती पऱ्हाटी उरते, त्याला आपल्याकडे उलंगवाडी म्हणतात. पळसाचीही तशीच उलंगवाडी होते. पुढचे तीन महिने या जिल्ह्यात कूलर आणि माठ यांखेरीज पाहण्यासारखं काही नाही, असं सगळेच धरून चालतात.

चूक तिथंच होते. यवतमाळचा उशिराचा बहर एप्रिलच्या मध्यावर सुरू होतो आणि पारा ४४-४५ अंशांना टेकतो त्याच दिवसांत भरात येतो. हा बहर बहाव्याचा. पळसाला प्रेक्षक मिळतात, कारण तेव्हा हवा बरी असते. बहाव्याच्या वेळी अख्खं गाव दारं-खिडक्या लावून आत बसलेलं असतं. त्यामुळे तो बघायचा तर पहाटे उठावं लागतं, एवढीच काय ती अट.

बहावा एरवी ओळखूही येत नाही. मध्यम उंचीचं, अंगानं सडपातळ झाड. सागाच्या गर्दीत त्याला कोण विचारतो! ओळख पटते ती शेंगांवरून. हातभर लांब, काळ्या, नळीसारख्या शेंगा, वाऱ्यावर खडखडणाऱ्या. आयुर्वेदातला आरग्वध तो हाच. शेंगेतला काळा चिकट मगज सौम्य रेचक म्हणून वापरतात. मार्च-एप्रिलमध्ये पानं गळतात आणि उघड्या फांद्यांवरून पिवळे घोस लोंबू लागतात. घोस वरून खाली उमलत जातो. देठाकडची फुलं पुरती उघडलेली, मधली अर्धवट, टोकाला हिरवट मण्यांसारख्या कळ्या. म्हणून एकच घोस बरेच दिवस ताजा दिसतो. शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागतं, त्यामुळे बऱ्याचदा नव्या फुलांच्या शेजारीच गेल्या उन्हाळ्याच्या काळ्या शेंगा लटकत असतात.

एखादं फूल हातात घेऊन बघा (खाली पडलेलं, तोडू नका). पाच पाकळ्या आणि दहा पुंकेसर, पण दहाही सारखे नाहीत. तीन लांब, बाकदार, बाकीचे आखूड. या फुलात मध नसतो, भुंगा येतो तो परागासाठीच. तो आखूड पुंकेसरांना लटकून अंग थरथरवतो, पराग झाडून घेतो आणि तेवढ्यात लांब पुंकेसर त्याच्या अंगाला आपला पराग लावून मोकळे होतात. पहाटे झाडाखाली उभं राहिलं की ही गुणगुण ऐकू येते. नऊनंतर ती विरळ होत जाते.

उशिराच्या बहराचं कौतुक करायला जपानी माणसाकडून शिकावं. तिथं चेरी फुलल्याच्या तारखांची नोंद क्योतो शहरापुरती इसवी सन ८१२ पासून मिळते. २०२१ साली क्योतोत पूर्ण बहर २६ मार्चला आला आणि तोवरच्या बाराशे वर्षांतला तो सर्वांत लवकरचा ठरला, हे सांगता आलं ते या नोंदींमुळेच. मुख्य बहर सरला की दुहेरी पाकळ्यांच्या, मागाहून फुलणाऱ्या चेरींची पाळी येते. त्यासाठी ओसाकाची टांकसाळ एप्रिलमध्ये आठवडाभर आपल्या आवारातली वाट लोकांना खुली करते. ही प्रथा १८८३ पासूनची. नाणी पाडणाऱ्या कचेरीनं फुलांसाठी दार उघडायचं, ही कल्पनाच मला भारी आवडते. आपल्याकडेही जुन्या सरकारी आवारांत झाडं आहेत, पण फाटकावर कामाशिवाय आत येऊ नये अशी पाटी असते.

एक फरक मात्र बहाव्याच्या बाजूचा आहे. जपानातली सर्वांत जास्त लावलेली चेरीची जात कलमांवर वाढवलेली असते. म्हणजे गावातली सगळी झाडं एकाच झाडाच्या फांद्या म्हणायच्या, म्हणून ती एकदम फुलतात आणि आठ-दहा दिवसांत संपतात. बहावा बियांतून उगवतो. प्रत्येक झाडाचा स्वभाव निराळा, तारीख निराळी. एकाच गल्लीतलं एक झाड अक्षय तृतीयेला पिवळं होतं, तर दुसरं मेच्या मध्यापर्यंत ढिम्म उभं असतं. त्यामुळे इथं बहराची तारीख जाहीर करता येत नाही, पण बहर हुकतही नाही. एप्रिलच्या मध्यापासून मिरगापर्यंत कुठलं ना कुठलं झाड फुललेलं सापडतंच. खात्रीचे दिवस सांगायचे तर महाराष्ट्र दिनापासून पुढचे तीन आठवडे. नवतपा लागला की पाकळ्या झडू लागतात आणि झाडाखालची माती हळदीसारखी दिसते.

आता कुठं बघायचा, ते.

सुरुवात घरापासून करू. यवतमाळ शहरात बहावा रांगेनं कमी आणि सुटा जास्त आहे. जुन्या बंगल्यांची, शाळा-कॉलेजांची, सरकारी निवासांची आवारं असलेल्या भागात मान वर करून चालावं लागतं. गोधणी रोड, दारव्हा रोड, जांब रोड या बाजूंना पहाटे फिरणाऱ्यांची कमी नाही; पण बहुतेकांची नजर मोबाइलमधल्या पावलांच्या आकड्यावर असते. शहरात घोटाळा होतो तो पीतमोहराशी. तोही पिवळा, तोही उन्हाळ्यातला. सोपी खूण अशी की पीतमोहराचे तुरे आकाशाकडे उभे असतात, बहाव्याचे घोस जमिनीकडे लोंबतात. पीतमोहराच्या शेंगा चपट्या आणि तांबूस, बहाव्याच्या नळीसारख्या. एकदा डोळ्यात बसलं की पुन्हा चूक होत नाही.

शहर सोडून बाहेर पडलं की मजा वाढते. यवतमाळ पठारावर वसलेलं आहे. कुठल्याही दिशेनं निघालं तरी कुठं ना कुठं घाट उतरावा लागतो आणि बहाव्याला असाच उतार, असाच मुरमाड दगड मानवतो. बाभुळगाव-धामणगावकडे जाताना करळगावचा घाट लागतो. सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. तो घाटावर यायच्या आत तिथं पोचावं. पानगळ झालेलं सागाचं जंगल तेव्हा राखाडी असतं, नुसत्या काटक्यांचं, आणि त्यात मधेच एखादा पिवळा ठिपका दिसतो. पळसासारखं अख्खं रान रंगत नाही. बहावा एकेकटा भेटतो, शोधून काढावा लागतो. मला तर पळसापेक्षा हे शोधणंच जास्त गोड वाटतं.

दुसरी वाट जोडमोह्याची. गावाच्या नावातच मोह आहे. आपल्या जिल्ह्यात झाडांवरून पडलेली नावं पावलापावलावर सापडतात: उमरखेड, वडगाव, पिंपळगाव, मोहदा. कळंबचं पौराणिक नाव कदंबपूर सांगतात. तिथल्या चिंतामणीच्या देवळात दर्शनासाठी पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जावं लागतं आणि मेमधल्या उन्हात तो थंडावा देवाइतकाच पावतो. वर्ध्याहून येणाऱ्यांना २०२४ च्या फेब्रुवारीपासून कळंबपर्यंत ब्रॉडगेज गाडीची सोय झाली आहे. एके काळी मूर्तिजापूरहून यवतमाळला नॅरोगेजची शकुंतला यायची. सायकलवाला सहज गाठेल अशा तिच्या चालीत दोन्ही बाजूंची झाडं निवांत बघून व्हायची. ती आता बंद आहे.

जंगलच बघायचं असेल तर टिपेश्वर. पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेलं हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र १४८ चौरस किलोमीटरांच्या वर, नाव टिपाई देवीवरून. इथं येणारा प्रत्येक जण वाघासाठी येतो, आणि त्यात त्याची चूक नाही. ‘वॉकर’ म्हणून गाजलेला वाघ इथलाच. २०१९ च्या जूनमध्ये तो निघाला आणि फिरत फिरत वर्षअखेरीस बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. पण मेमधली सकाळची सफारी घेतलीत तर पाणवठ्याकडे डोळे लावून बसताना जरा आजूबाजूलाही बघा. पाण्यापाशी थांबणं आलंच, आणि थांबलं की फुलं दिसतात. गाइडला बहावा दाखवायला सांगितलं तर तो आधी दचकतो, मग उत्साहानं दाखवतो. पावसाळ्यात सफारी बंद असते, म्हणून जूनअखेर ही शेवटची मुदत धरा.

दक्षिणेकडच्यांना उमरखेड तालुक्यातलं पैनगंगा अभयारण्य जवळ पडेल. नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं, बिटरगाव-खरबीकडचं हे जंगल टिपेश्वरपेक्षा मोठं आणि गर्दीला अजून अपरिचित. पुसदच्या लोकांना तर गावाभोवतीचे डोंगर पुरतात.

बहावा एकटा येत नाही, सोबत्यांना घेऊन येतो. त्याच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, मोह गळून गेलेला असतो. पोडावरची कोलाम माणसं, गोंड माणसं भल्या पहाटे टोपल्या घेऊन तो वेचून गेलेली असतात. मेमध्ये पाळी तेंदूपत्त्याची. पहाटे जंगलात गेलात तर पानं तोडणारी कुटुंबं भेटतात, आणि फुलं बघायला आलो हे त्यांना सांगताना थोडं ओशाळायला होतं. त्याच दिवसांत कुडा पांढरा फुलतो. मेडशिंगाची लांब नळीची पांढरी फुलं संध्याकाळकडे उमलतात. शिरीषाचा वास रस्त्यावरच गाठतो. गावात गुलमोहर लाल होतो. तो मूळचा मादागास्करचा पाहुणा, पण इतका रुळला आहे की त्याच्यावाचून शाळेच्या सुट्ट्या आठवत नाहीत. आणि ज्या सागाच्या गर्दीत बहावा हरवलेला असतो तो साग स्वतः पावसाळ्यात फुलतो, जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा त्याच्या पांढुरक्या तुऱ्यांकडे बघायला कुणाला सवड नसते, कारण डवरणी चालू असते.

बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असं गावोगाव म्हणतात. फुलांवरून पीकपाण्याचा अंदाज बांधण्याची आपली खोड जुनीच आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुसुमलता नावाचा एक अध्यायच त्यावर आहे. हिशेब ढोबळ मानानं जमतो, कारण एप्रिलच्या शेवटी फूल आणि जूनमध्ये मिरग हे दर वर्षीचंच आहे. पण बहावा उष्ण, कोरड्या हवेला जागतो. मान्सून कधी येणार हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. केरळात याच फुलावाचून विषूचा सण होत नाही. एप्रिलच्या मध्यावरचा हा सण, आणि तिथं अलीकडे झाडं सणाच्या बऱ्याच आधी फुलून मोकळी होतात. तेव्हा बहाव्याकडे बघून आनंद जरूर घ्यावा, पेरणीचा मुहूर्त काढू नये. दुबार पेरणीची कळ ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

एक खंत आहे. नागपूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाला आणि यवतमाळहून नागपूरला जाणं सुखाचं झालं. पण जुन्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना होती ती मोठी झाडं त्यात गेली. आता दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आहे. फुलते छान, सावली देत नाही. बहाव्याला गुरं-शेळ्या फारसं तोंड लावत नाहीत, पाणीही तो कमी मागतो. बी मात्र टणक असतं. तसंच मातीत टोचलं तर महिनोन्‌महिने ढिम्म राहतं. कवच थोडं घासून रात्रभर पाण्यात भिजवलं तर लवकर रुजतं. जंगलात हे काम माकडं, अस्वलं आणि कोल्हे करतात. रस्त्याच्या कडेला ते आपणच करायचं आहे, आणि शेंगा तर फुकट पडलेल्या असतात.

जाताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात २०१८ साली एका वाघिणीची काय दहशत होती, हे इथल्या कुणाला विसरता येणार नाही. तेव्हा घाटात गाडी थांबवली तरी रस्ता सोडून रानात शिरू नका, आणि एकट्यानं तर नाहीच. या दिवसांत एका काडीनंही वणवा लागतो. विडी, सिगारेट घरी ठेवा. घोस तोडून गाडीच्या आरशाला लटकवायचे नाहीत, अर्ध्या तासात ते माना टाकतात. दुपट्टा, पाण्याची बाटली आणि खिशात कांदा घ्या. पाचला निघा, आठच्या आत परत या. आठनंतर यवतमाळचं ऊन तुमचं काही ऐकून घेणार नाही.