कुलाब्याची चिलटं आणि वासाचं कोडं

कोपर स्टेशनातून बाहेर पडलं की कढईतले वडे, कोळणीच्या पाटीतले बोंबील, फुलवाल्याकडचा मोगरा आणि खाडीवरून येणारा वारा, हे सगळं आपल्याला डोळे मिटूनही कळतं. रंग ओळखायला डोळ्यात तीन प्रकारच्या पेशी पुरतात. मग इतके वास ओळखायला नाकात किती प्रकार लागत असतील? हा प्रश्न सुटायला विसाव्या शतकाचं शेवटचं दशक उजाडावं लागलं. त्या वाटेवरची काही महत्त्वाची पावलं आपल्या मुंबईत पडली आहेत.

आधी नाकाची रचना पाहू. नाकाच्या आत, अगदी वर, मज्जापेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशींचं एक टोक नाकातल्या हवेच्या बाजूला असतं आणि दुसरं थेट मेंदूत पोचतं. हवेकडच्या टोकावर प्रथिनांचे रेणू असतात. त्यांना रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. वासाचा कण या ग्राहीत बसला की पेशी मेंदूला वर्दी देते. प्रत्येक ग्राही कसा घडवायचा याची कृती एकेका जनुकात लिहिलेली असते. म्हणून ग्राही ओळखायचा, तर त्याचं जनुक शोधावं लागतं.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी अभ्यासाला घेतली ती पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं. शास्त्रज्ञ त्यांना ड्रॉसोफिला म्हणतात. त्यांच्याकडे पीएच. डी. साठी आल्या वेरोनिका रॉड्रिग्ज. त्या मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियातला आणि शिक्षण डब्लिनचं. दोघांची पद्धत साधी होती. चिलटांच्या जनुकांत रसायनाने बदल घडवायचे, मग त्यांच्या संततीला इंग्रजी वाय अक्षरासारख्या नळीत सोडायचं. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. चिलट कुठे वळतं, ते मोजायचं.

त्यातून जे दिसलं ते त्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलं. एखाद्या वाणाला एका जातीचे वास कळत नव्हते, पण दुसऱ्या जातीचे व्यवस्थित कळत होते. दुसऱ्या वाणात वेगळेच वास हरवलेले. याचा अर्थ वास हे सरसकट एकच खातं नाही. वेगवेगळ्या वासांमागे वेगवेगळी जनुकं आहेत आणि एक बिघडलं तरी बाकीची चालू राहतात. मात्र बिघाड दारातल्या ग्राहीत आहे की आतल्या तारेत, हे सांगणारी साधनं तेव्हा नव्हती.

ती दारं सापडली १९९१ साली, अमेरिकेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांच्या वर्गातल्या प्राण्यांवर काम करताना एक अंदाज बांधला. वासाचे ग्राही आधीच माहीत असलेल्या ग्राहींच्या एका कुटुंबातले असावेत, त्यांचे प्रकार पुष्कळ असावेत आणि ते नाकातच आढळावेत. भावंडांच्या चेहऱ्यात साम्य असतं, तसं साम्य असलेली जनुकं त्यांनी शोधली आणि एक भलंमोठं कुटुंब हाती लागलं. उंदरांत अशी सुमारे एक हजार जनुकं आहेत, माणसात चालू स्थितीतली सुमारे चारशे. या कामाला २००४ चं नोबेल मिळालं. चिलटांमधली सुमारे साठ जनुकं १९९९ पासून सापडत गेली. मग डासांचीही सापडली. डास माणसाच्या घामाचा माग कसा काढतात, याचा अभ्यास आता त्यांच्या ग्राहींपासून सुरू होतो.

चारशे दारं आणि वास तर अगणित, मग हिशेब जुळतो कसा? बाराखडीसारखा. एक वास अनेक ग्राहींना कमीअधिक हलवतो आणि मेंदू त्या जुळणीवरून शब्द वाचतो. ही जनुकं माणसागणिक थोडी वेगळी असतात. म्हणून घरातल्या एकाला जो वास असह्य होतो, तो दुसऱ्याला जाणवतही नाही. अशा वेळी आपण त्याला ‘नाटकं करतोस’ म्हणतो. ते म्हणू नये. त्याच्या नाकातली दारं खरोखरच वेगळी असू शकतात.

या ज्ञानाचा रोजच्या जगण्याशी संबंध आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. ज्यांची वासाची शक्ती गेली, त्यांच्यापर्यंत ही धोक्याची घंटा पोचत नाही. कोविडच्या साथीत २०२० साली असंख्य लोकांचा वास गेला. विषाणूने मुख्यतः मज्जापेशींभोवतीच्या मदतनीस पेशींना गाठलं आणि त्या गडबडीत ग्राहींच्या जनुकांचं काम मंदावलं, असं संशोधनातून दिसलं. वय वाढतं तसं घ्राणशक्ती कमी होते. कंपवाताच्या काही रुग्णांत तर हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षं आधी वास कमी झालेला असतो.

औद्योगिक वसाहतींजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकच वास सतत येत राहिला की ग्राही आणि मेंदू दोघेही त्याची दखल घेणं कमी करतात. वास येईनासा झाला म्हणून हवा स्वच्छ झाली, असं समजू नये. आणि कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूला तर वासच नसतो.

तेव्हा घरातल्या आजी ‘हल्ली फोडणीचा वास येत नाही गं’ म्हणाल्या, तर ते वयावर ढकलून मोकळं होऊ नका. सर्दी नसताना तक्रार टिकली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर रात्री गॅसचं बटण दुसऱ्या कुणीतरी तपासा.