राज्यपाल चुकले, मग खुर्ची परत का नाही मिळाली?

(समुदाय रेडिओवरच्या बोलण्यावरून)



दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की समोर धोपावे. मध्ये वाशिष्ठीची खाडी. अलीकडे दापोली मतदारसंघ, पलीकडे गुहागर. २०१९ साली दोन्हीकडे शिवसेनेचाच आमदार निवडून आला, इकडे योगेश कदम आणि तिकडे भास्कर जाधव. दोघांचंही चिन्ह धनुष्यबाण. मग २०२२ च्या जूनमध्ये सेना फुटली. कदम एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले, जाधव उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले. म्हणजे जिचं माहेर धोपाव्याला आणि सासर दाभोळला, तिच्या माहेरची सेना एक आणि सासरची दुसरी.

आपल्याकडे हा वाद जरा जास्तच चढतो, कारण शिवसेना ही कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरातली गोष्ट. मुंबईला गेलेल्या सासऱ्यांनी शाखेत सतरंज्या उचललेल्या असतात. तेव्हा गणपतीला दोन भाऊ पडवीत बसले की एक म्हणतो, ‘कोर्टानेच सांगितलं राज्यपाल चुकले, मग साहेबांची खुर्ची परत द्यायला नको?’ दुसरा म्हणतो, ‘स्वतः सोडून गेले, आता कसली परत?’ आणि चहा घेऊन आलेली बाई दोघांकडे बघत राहते. बचत गटांच्या बैठकांतही हा प्रश्न निघतो, आणि कधीकधी त्यावरून दोघीजणी एकमेकींशी बोलायच्या थांबतात. म्हणून आज कुणाची बाजू न घेता एवढंच बघू, की खुर्चीवरून गेलेला नेता परत येऊ शकतो तो कुठल्या वाटेने.

आधी काय घडलं ते आठवू. २८ नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे मुख्यमंत्री झाले, राष्ट्रवादी आणि काँग्रेसला बरोबर घेऊन. २० जून २०२२ ला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री शिंदे काही आमदार घेऊन सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. आमदारांचा आकडा वाढत गेला. २८ जूनला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ठाकऱ्यांना पत्र दिलं, की ३० तारखेला सभागृहात बहुमत सिद्ध करा. बहुमत सिद्ध करायचं म्हणजे आमदारांनी सभागृहात हजर राहून कोण सरकारच्या बाजूने आणि कोण विरुद्ध हे सांगायचं, आणि मोजणी करायची. ठाकऱ्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात गेली. २९ च्या रात्री न्यायालयाने मोजणी थांबवायला नकार दिला. त्यानंतर थोड्याच वेळात ठाकऱ्यांनी राजीनामा दिला. मोजणी झालीच नाही. ३० तारखेला शिंदे मुख्यमंत्री झाले, आणि ४ जुलैला त्यांच्या सरकारच्या बाजूने १६४ व विरोधात ९९ मतं पडली.

आता निकाल. ११ मे २०२३ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायाधीशांनी तो दिला. दोन्ही गटांनी त्या दिवशी पेढे वाटले, यावरूनच समजा की ज्याला जे ऐकायचं होतं ते त्याने ऐकलं. न्यायालय म्हणालं, राज्यपालांचं चुकलं. सरकारने बहुमत गमावलं आहे असं मानायला त्यांच्याकडे पुरेसा आधार नव्हता. पक्षातले लोक आपल्या नेत्यावर नाराज आहेत, एवढ्यावरून राज्यपालांनी मोजणी लावायची नसते; पक्षातलं भांडण पक्षाने मिटवायचं. पडवीतला पहिला भाऊ निकाल इथपर्यंत वाचतो.

पण निकाल पुढेही आहे. ठाकऱ्यांनी मोजणीला सामोरं न जाता आपणहून राजीनामा दिला, तेव्हा न्यायालयाला रद्द करण्यासारखं काही उरलंच नाही. राज्यपालांचं पत्र रद्द करता येतं. माणसाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला राजीनामा न्यायालय कसा रद्द करणार? राजीनामा दिला नसता, तर त्यांचं सरकार परत आणण्याचा विचार करता आला असता, असंही न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. आणि खुर्ची रिकामी झाल्यावर शिंद्यांना बोलावणं मात्र योग्य ठरलं, कारण सगळ्यात मोठा पक्ष भाजप त्यांना पाठिंबा देत होता. दुसरा भाऊ फक्त हा भाग वाचतो.

असा परत आलेला कुणी आहे का, असं तुम्ही विचाराल. आहे, आणि ती गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २०१६ साली उत्तराखंडात हरीश रावत मुख्यमंत्री होते. त्यांच्याच पक्षाचे नऊ आमदार फुटले. मार्चमध्ये केंद्राने राष्ट्रपती राजवट लावली आणि रावत घरी गेले. पण त्यांनी राजीनामा दिला नव्हता, ते न्यायालयात भांडत राहिले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली १० मे रोजी सभागृहात मोजणी झाली. फुटलेल्या नऊ जणांना मत देता आलं नाही. रावत यांना ३३ मतं, विरोधात २८. राष्ट्रपती राजवट उठली, रावत परत आले. पुढच्याच वर्षी निवडणुकीत ते दोन जागांवर उभे राहिले आणि दोन्हीकडे पडले, ती गोष्ट वेगळी.

त्याच वर्षी अरुणाचलात तर न्यायालयाने नबाम तुकी यांचं सरकारच परत बसवलं, १३ जुलैला. तिथेही राज्यपालांचं वागणं बेकायदा ठरलं होतं आणि तुकींनी राजीनामा दिलेला नव्हता. पण खुर्ची मिळाली तरी आमदार काही मिळाले नाहीत. तीन दिवसांनी मोजणीच्या तोंडावर त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्याच पक्षाचे पेमा खांडू मुख्यमंत्री झाले. न्यायालय खुर्ची देऊ शकतं, माणसं देऊ शकत नाही.

ठाकऱ्यांना मानणाऱ्या बायका म्हणतात, समोर आपलीच माणसं विरुद्ध हात वर करणार हे दिसत असताना तिथे उभं राहून अपमान का करून घ्यायचा? शिंद्यांना मानणाऱ्या म्हणतात, माणसं बरोबर नव्हतीच, मग मोजणी झाली काय नि नाही झाली काय! दोन्ही बोलणी समजण्यासारखी आहेत. पण मोजणी झाली असती, तर कुणी कुणाला सोडलं ते दप्तरी नोंदलं गेलं असतं, आणि राज्यपालांची चूक सिद्ध झाल्यावर न्यायालयाच्या हातात धरायला काहीतरी राहिलं असतं.

बाकीच्या दोन वाटाही थोडक्यात सांगते. पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिंदे गटाला दिला. ठाकऱ्यांकडे मशाल आली. फुटलेल्या आमदारांना अपात्र ठरवायचं की नाही हे विधानसभेच्या अध्यक्षांनी ठरवायचं असतं. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ ला शिंद्यांचीच सेना खरी असं ठरवलं आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र केला नाही. मग उरला मतदार. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिंद्यांचे ५७ आमदार आले, ठाकऱ्यांचे २०. आपल्या खाडीच्या दोन काठांचं म्हणाल तर इकडे पुन्हा योगेश कदम, धनुष्यबाणावर. तिकडे पुन्हा भास्कर जाधव, मशालीवर. आणि शिंदे स्वतः मुख्यमंत्रिपदावरून उपमुख्यमंत्रिपदावर आले. म्हणजे ‘साहेब परत येणार’ असं आता दोन्ही सेनांतले लोक म्हणतात, साहेब तेवढे वेगळे.

आता हे सगळं आपल्याला कशाला, तर गावातल्या खुर्चीसाठी. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि गटातून पुढे आलेल्या कितीतरी जणी आज सदस्य, सरपंच आहेत. गावात दोन तट पडले की अशा बाईच्या घरी चारजण संध्याकाळी येऊन बसतात. ‘वहिनी, बहुमत गेलंय तुमचं. उगाच शोभा कशाला? सही करा आणि मोकळ्या व्हा, पुढच्या वेळी बघू.’ घरातलेही म्हणतात, कर बाई सही, रोजची कटकट नको. ती सही झाली की नंतर कुणाचं कितीही चुकलेलं निघो, तुमचा राजीनामा तुमच्याच अक्षरात समोर असतो.

थेट लोकांनी निवडलेल्या सरपंचाला काढणं कायद्याने सोपं ठेवलेलं नाही. अविश्वासाची नोटीस तहसीलदारांकडे जाते, सभा ते बोलावतात. पंचायतीच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर करावा लागतो. एवढ्यावरही भागत नाही. खास ग्रामसभा भरवून गुप्त मतदानाने गावाची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे पडवीत बसलेल्या चौघांनी ‘बहुमत गेलंय’ म्हटलं म्हणून ते जात नाही. आणि अविश्वासाच्या त्या सभेत सरपंचाला बसण्याचा, बोलण्याचा आणि स्वतःचं मत देण्याचाही हक्क आहे.