२५० म्हणजे पोचपावती: पायथॉनमध्ये छोटा ईमेल सर्व्हर लिहिताना

गेल्या जुलैत कळंब्यात घरच्या जुन्या डेस्कटॉपवर मी पायथॉनमध्ये लिहिलेला छोटा ईमेल सर्व्हर चालू होता. लॅपटॉपवरून त्याला चाचणीचे मेल जात होते. बाहेर धो धो पाऊस, आणि लाइट गेली. परत आल्यावर बघतो तर काय, लॅपटॉपच्या नोंदीत शेवटच्या मेलपुढेही '२५०', म्हणजे 'मिळाला'. डेस्कटॉपवर मात्र त्या मेलची फाइल शून्य बाइटची!

चूक कुठे झाली ते बघू.

ईमेल पाठवण्याचे नियम म्हणजे एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी ते १९८२ मध्ये आरएफसी ८२१ मध्ये मांडले. सगळा मामला प्रश्नोत्तरांचा आहे. जोडणी झाली की सर्व्हर २२० म्हणतो. समोरचा 'हेलो', मग 'मेल फ्रॉम', मग 'आरसीपीटी टू' पाठवतो. प्रत्येकाला उत्तर २५०. 'डेटा' आला की ३५४, म्हणजे 'सांगा, ऐकतोय'. मजकूर संपल्याची खूण म्हणजे फक्त एक टिंब असलेली ओळ. त्यावर पुन्हा २५०.

पायथॉनचं तयार एसएमटीपीडी मॉड्यूल ३.१२ पासून काढून टाकलंय, त्यामुळे जुनी उदाहरणं तशीच चालणार नाहीत. सॉकेट वापरून स्वतः लिहा. शिकायला तेच बरं. पोर्ट २५ ऐवजी १०२५ घ्या आणि सराव १२७.०.०.१ वरच करा.

आता खरी गोम. शेवटचं २५० हे नुसतं 'बरं' नाही, ती पोचपावती आहे. २००८ च्या आरएफसी ५३२१ नुसार ते पाठवलं की मेलची जबाबदारी सर्व्हरची: पोचवा, नाहीतर पोचला नाही म्हणून कळवा. पाठवणारा त्यानंतर आपली प्रत पुसू शकतो.

माझ्या कोडमध्ये फाइल आधी लिहिली जात होती, मग २५०. क्रम बरोबर होता. पण 'राइट' आणि 'फ्लश' केल्यावर मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत जातो. डिस्कवर उतरलाच असेल असं नाही. त्यासाठी 'ओएस.एफसिंक' लागतं, आणि तेही २५० च्या आधी.

एफसिंक झालं आणि २५० जायच्या आतच लाइट गेली तर? पाठवणारा मेल पुन्हा पाठवेल, दोन प्रती होतील. चालेल. दोन प्रती झालेल्या परवडतात, हरवलेला मेल नाही.

आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अर्नेटच्या सुरुवातीला, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायलअप फोनलाइनवरून मेल जायचे. जोडणी कायमची नसते, म्हणून मेल साठवायचा आणि जमेल तेव्हा पुढे धाडायचा, हीच त्यामागची रीत.

दुरुस्तीनंतर मी 'किल -९' ने सर्व्हर मारून बघितला. सगळे मेल शाबूत! खूश झालो, पण ती चाचणी फसवी होती. 'किल -९' ने प्रोग्रॅम मरतो, ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत राहते आणि तिच्याकडचा मजकूर नंतर डिस्कवर उतरतोच. एफसिंक काढून टाकलं तरी चाचणी पासच झाली असती. लाइट जाण्याची चाचणी करायची तर लाइटच घालवावी लागते. व्हर्च्युअल मशीन एकदम बंद केलं तरी बरंच जवळ जाता येतं.

तुमच्या प्रस्तावात 'आमची प्रणाली विश्वासार्ह आहे' असं लिहाल, तेव्हा आधी ठरवा: कोणत्या बिघाडासमोर? आणि तुमची चाचणी नेमका तोच बिघाड घडवते का?