निर्ढावलेल्या मनावर उपचार होतो का?

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं पेनेटँग्विशीन हे छोटं गाव. तिथल्या मनोरुग्णालयाच्या अतिसुरक्षित ‘ओक रिज’ विभागात १९६०च्या दशकात एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. गंभीर गुन्हे केलेल्या पुरुषांनी एकत्र राहायचं, तासन् तास एकमेकांची मनं उकलायची आणि एकमेकांना बरं करायचं, अशी ती कल्पना. डॉ. इलियट बार्कर हे तिचे प्रमुख शिल्पकार. त्यासाठी खास खोली बांधली होती. तिला खिडकी नव्हती, बाहेरचा आवाज आत येत नसे आणि दिवा अहोरात्र जळत राही. काही जणांना तिथं अनेक दिवस विवस्त्र ठेवलं जाई. अन्न भिंतीतल्या नळ्यांमधून, पातळ करून. एलएसडीसारखी द्रव्यंही दिली जात. मुखवटे गळून पडले की दडलेला माणूस बाहेर येईल, असा डॉक्टरांचा विश्वास होता.

या प्रयोगातून गेलेल्यांचा पुढचा प्रवास मार्नी राइस, ग्रँट हॅरिस आणि कॅथरीन कॉर्मिए यांनी तपासला. १९९२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे धक्कादायक होते. सायकोपॅथीची, म्हणजे वरकरणी लाघवी पण आतून कोरड्या मनाची, लक्षणं ठळक असलेल्यांपैकी ७७ टक्क्यांनी या उपचारानंतर पुन्हा हिंसक गुन्हा केला होता. तशाच लक्षणांच्या, पण उपचार न मिळालेल्या कैद्यांमध्ये हे प्रमाण ५५ टक्के होतं. ज्यांच्यात ही लक्षणं नव्हती, त्यांना मात्र फायदा झालेला दिसला. त्यांच्यातल्या उपचार न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं, तर उपचार मिळालेल्यांमध्ये २२ टक्के. समोरच्याच्या भावना ओळखण्याची जी भाषा सायकोपॅथ तिथं शिकले, ती त्यांनी माणसं फसवायला वापरली असावी, असा संशोधकांचा कयास होता. २०१७ मध्ये ऑन्टारिओच्या न्यायालयानं या पद्धतींना छळ ठरवलं.

या अभ्यासातून जगभर एक समजूत पक्की झाली. ही माणसं सुधारत नाहीत, उपचारांनी उलट बिघडतात, तेव्हा त्यांच्यावर वेळ आणि पैसा घालवू नये. मला ही समजूत घातक वाटते. ओक रिजनं एवढंच सिद्ध केलं की क्रूर आणि चुकीचा उपचार अपाय करतो. योग्य उपचार काय करू शकतो, याचं उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं, आणि ते मिळू लागलं आहे.

विकार कशाला म्हणायचं?

समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे नुसता तापट किंवा आडमुठा स्वभाव नव्हे. इतरांचे हक्क सतत पायदळी तुडवणं, खोटं बोलणं, फसवणं, मारहाण, बेफिकिरी, आणि एवढं करूनही मनाला टोचणी न लागणं, असा वर्षानुवर्षं टिकलेला साचा त्यात दिसतो. हे निदान वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय करत नाहीत आणि पंधराव्या वर्षाआधी गंभीर वर्तन समस्यांची लक्षणं दिसलेली असावी लागतात. लोकसंख्येत त्याचं प्रमाण साधारण १ ते ४ टक्के आहे, पुरुषांमध्ये स्त्रियांच्या सुमारे तिप्पट. तुरुंगात चित्र वेगळं दिसतं. सीना फझल आणि जॉन डॅनेश यांनी २००२ मध्ये १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्के आणि स्त्री कैद्यांपैकी २१ टक्के या निदानात बसत होते.

सायकोपॅथी हा यातला आणखी टोकाचा, लहान गट. हर्वी क्लेकली या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९४१ साली वरकरणी लाघवी आणि आतून कोरड्या असलेल्या या माणसांचं सविस्तर वर्णन केलं. पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी ४० गुणांची, २० मुद्द्यांची मोजपट्टी बनवली. उत्तर अमेरिकेत ३० किंवा अधिक गुण म्हणजे सायकोपॅथी, असा संकेत आहे. समाजविघातक विकाराचं निदान झालेले बहुसंख्य लोक या रेषेच्या खालीच असतात.

पाच सेकंदांची उसंत

या माणसांच्या मेंदूत नेमकं काय वेगळं घडतं? भीती आणि धोक्याची नोंद घेणारा अमिग्डला आणि आवेगाला लगाम घालणारा कपाळामागचा भाग यांच्या कामात, त्यांच्यातल्या जोडणीत फरक आढळतात. पण त्याहून बोलके आहेत काही साधे प्रयोग.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोसेफ न्यूमन यांनी १९८७ मध्ये कैद्यांना पत्त्यांचा एक खेळ दिला. पान उलटायचं, चित्र आलं तर पैसे मिळणार, आकडा आला तर जाणार. सुरुवातीला जवळपास प्रत्येक पान जिंकून देई. हळूहळू हरण्याची शक्यता वाढत जाई. कधीही थांबायची मुभा होती. इतर कैदी वेळेवर थांबले. सायकोपॅथ मात्र कमावलेलं घालवत पुढची पानं उलटतच राहिले. मग न्यूमन यांनी एक बदल केला. प्रत्येक पानानंतर पाच सेकंद सक्तीनं थांबायचं आणि आतापर्यंतचा हिशेब समोर पाहायचा. एवढ्यानं ते लवकर थांबू लागले. नुकसान कळण्याची कुवत त्यांच्यात होती, पण बक्षिसावर खिळलेली नजर आपणहून तिकडे वळत नव्हती.

ऑस्ट्रेलियात मार्क डॅड्स यांना मुलग्यांमध्ये असंच काहीसं दिसलं. ज्यांच्यात इतरांविषयीची कणव कमी असते, त्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती नीट ओळखता येत नाही. डॅड्स यांनी त्यांना फक्त ‘डोळ्यांकडे बघ’ असं सांगितलं आणि त्यांना भीती ओळखता येऊ लागली. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथं हार्मा मेफर्ट, ख्रिश्चन कायझर्स आणि सहकाऱ्यांनी सायकोपॅथ गुन्हेगारांना स्कॅनरमध्ये ठेवून हातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. एक हात दुसऱ्याला कुरवाळतोय, झिडकारतोय, फटका मारतोय. नुसतं बघताना त्यांच्या मेंदूतली सहवेदनेची केंद्रं इतरांपेक्षा थंड होती. पण ‘त्या माणसाला काय वाटत असेल ते अनुभवायचा प्रयत्न करा’ असं सांगताच हा फरक बराचसा मावळला. २०१३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

तिन्ही प्रयोग एकाच ठिकाणी बोट ठेवतात. यांच्यात सहवेदनेचा आणि सावधपणाचा झरा आटलेला नसतो, पण तो आपोआप वाहत नाही. कुणीतरी लक्ष तिकडे वळवावं लागतं. उपचाराला जागा आहे ती इथेच.

मेंडोटातला दिवस

न्यूमन यांच्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात १९९५ मध्ये मेंडोटा किशोर उपचार केंद्र सुरू झालं. राज्यातल्या इतर सुधारगृहांना जी मुलं आवरत नव्हती, ती इथं पाठवली जात. शिक्षा झाली की यांचा बेदरकारपणा वाढतो, तो वाढला की शिक्षा आणखी कडक होते, असा तो फास. तो सैल करायचा, असं मायकेल कॉल्डवेल आणि ग्रेगरी व्हॅन रायब्रोक यांनी ठरवलं. केंद्र तुरुंग खात्याऐवजी आरोग्य खात्याच्या हाती दिलं गेलं.

तिथं प्रत्येक दिवसाचा हिशेब असतो. आज शिवी दिली नाही, वर्गात बसला, राग आल्यावर बाजूला झाला, की गुण मिळतात. त्या गुणांवर उद्याच्या सवलती ठरतात: चॉकलेट, व्हिडीओ गेम, रात्री उशिरापर्यंत जागायची परवानगी. गुण गेले तरी फार काळ अडकून राहत नाहीत, दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा कोरी. ही मुलं शिक्षेतून शिकत नाहीत, बक्षिसातून शिकतात, हे ओळखून केलेली ही आखणी आहे. सोबत शाळा, समुपदेशन आणि काहीही झालं तरी पाठ न फिरवणारे कर्मचारी.

सायकोपॅथीची लक्षणं ठळक असलेल्या मुलांचा सुटकेनंतर दोन वर्षं मागोवा घेतला, तेव्हा नेहमीच्या सुधारगृहातून आलेल्यांकडून हिंसक गुन्हा घडण्याची शक्यता मेंडोटातल्या मुलांच्या दुपटीहून अधिक निघाली. आणखी एका पाहणीत, तुलनेच्या गटातल्या मुलांच्या हातून पुढे १६ माणसं मारली गेली होती. मेंडोटात उपचार घेतलेल्यांच्या हातून एकही नाही. २००६ च्या हिशेबानुसार उपचारावरच्या जादा खर्चातल्या दर डॉलरमागे समाजाचे सात डॉलर वाचले. मुलं संत झाली नाहीत, अनेकांनी पुढे किरकोळ गुन्हे केलेच. पण जे जीव वाचले, ते खरे होते.

मोठेपणाच्या तटबंदीआड

‘ही माणसं सुधारत नाहीत’ असा शिक्का बसलेला दुसरा विकार आत्मप्रौढीचा. हा नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत आला. स्वतःच्या थोरवीची कल्पना, कौतुकाची न भागणारी भूक, हेवा, दुसऱ्याला वापरून घेणं अशा नऊ निकषांपैकी किमान पाच जुळावे लागतात. या विकाराचं दुसरं रूप बाहेरून ओळखू येत नाही. ते माणूस बुजरं, हळवं आणि सतत दुखावलेलं असतं; पण मनात तोच हट्ट की जगानं माझी वेगळी किंमत करावी. दोन्ही रूपांच्या तळाशी असते लाज आणि डळमळीत स्वत्व. म्हणून अपयश, घटस्फोट किंवा नोकरी जाणं यांसारखा धक्का बसला की ही माणसं कोसळतात. बरेच जण उपचाराला येतात ते अशा वेळी, नैराश्याची तक्रार घेऊन. त्यांच्यातला आत्महत्येचा धोका दुर्लक्षण्यासारखा नाही.

उपचाराबाबत दोन दिग्गजांचा वाद प्रसिद्ध आहे. शिकागोच्या हाइन्झ कोहुट यांच्या मते लहानपणी न मिळालेल्या दादेची ही भूक असते, म्हणून उपचारकानं आधी ती समजून घ्यावी. ऑटो केर्नबर्ग म्हणत, तटबंदीआडचा राग आणि हेवा उघडपणे दाखवून द्यायला हवा. आजचे अनुभवी उपचारक दोन्हींचा मेळ घालतात. पेशंटच्या अहंकाराशी कुस्ती खेळायची नाही आणि खोट्या कौतुकाचं खतपाणीही घालायचं नाही. उद्दिष्टं छोटी आणि त्याला स्वतःला पटणारी हवीत. २०२४ मध्ये इगोर वाइनबर्ग, एल्सा रॉनिंगस्टॅम आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अडीच ते पाच वर्षांच्या मानसोपचारानंतर त्या सर्वांत ठोस सुधारणा झाली होती. आठ हा आकडा लहान आहे, पण ‘हे बदलूच शकत नाहीत’ या विधानाला तो पुरेसं उत्तर आहे.

जितकं लवकर, तितकं बरं

दोन्ही विकारांत आनुवंशिकतेचा वाटा आहे. बालपणातला छळ, हेळसांड आणि हिंसा यांचाही आहे. ली रॉबिन्स यांनी अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या ५२४ मुलांचा तीस वर्षांनी शोध घेतला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. समाजविघातक प्रौढांच्या लहानपणी खुणा होत्याच. पण तशा खुणा असलेली बहुतेक मुलं तशी प्रौढ झाली नाहीत. म्हणजे दंगेखोर मुलाच्या कपाळावर शिक्का मारणं विज्ञानाला धरून नाही, आणि त्याच्याकडे काणाडोळा करणंही नाही.

मराठी भाषकांचा समाज पिढ्यान् पिढ्या जिथं नांदतो, त्या मॉरिशसमधला अनुभव इथं फार मोलाचा आहे. तिथं १९७०च्या दशकात तीन ते पाच वर्षांच्या १०० मुलांना सकस आहार, व्यायाम आणि चांगली बालवाडी मिळाली. एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांना आढळलं, की वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांच्यात गुन्ह्यांचं प्रमाण इतरांपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी होतं. फायदा जास्त झाला तो कुपोषित मुलांना. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन यांनी ५६५ मुलांवर केलेला २०१५ चा अभ्यास पालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. ‘तू इतरांपेक्षा श्रेष्ठ आहेस’ हे सतत ऐकणाऱ्या मुलांत पुढे आत्मप्रौढी वाढली. माया आणि आपुलकी मिळालेल्यांत निरोगी आत्मसन्मान वाढला.

प्रौढांसाठी जादूची गोळी नाही. या विकारांवर मान्यताप्राप्त असं एकही औषध नाही. औषधं दिली जातात ती सोबतच्या नैराश्यासाठी किंवा व्यसनासाठी. मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये शिक्षा भोगत समाजात राहणाऱ्या तीनशेहून अधिक पुरुषांवर पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. समोरच्याच्या आणि स्वतःच्या मनात काय चाललं आहे, याकडे थांबून पाहायला गटात बसून शिकवणारा हा उपचार. तो घेतलेल्यांमध्ये वर्षअखेर आक्रमकता स्पष्टपणे कमी झालेली दिसली. न्यूमन यांच्या पाच सेकंदांचीच ही मोठी आवृत्ती म्हणता येईल.

समजून घेणं म्हणजे सोसत राहणं नव्हे, हे मी निक्षून सांगेन. घरात मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षितता, मग उपचाराची चर्चा. निदान म्हणजे गुन्ह्याची माफीही नव्हे. आणि भांडखोर वरिष्ठाला किंवा सोडून गेलेल्या जोडीदाराला ‘नार्सिसिस्ट’ म्हणून मोकळं होणं म्हणजे निदान तर मुळीच नव्हे. शंका असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं, कुटुंबीयांनाही.

आपल्याकडच्या निरीक्षणगृहांत आज जी मुलं आहेत, त्यांतल्या काहींच्या वाट्याला समाजविघातक विकार येऊ घातला आहे. त्यांना रोज भेटणारा प्रशिक्षित समुपदेशक, रोजच्या चांगल्या वागण्याची रोज होणारी कदर आणि मन लावणारी शाळा या गोष्टी परवडणार नाहीत इतक्या महाग नाहीत. अंगणवाडीतला सकस आहार तर त्याहूनही स्वस्त. ‘हा जन्मजात गुंड आहे’ असं एखाद्या बारा वर्षांच्या मुलाबद्दल म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा विज्ञान आपल्या बाजूनं उभं नसतं. ते त्या मुलाच्या आणि पुढे त्याच्या हातून ज्यांना इजा होऊ शकते, त्यांच्या बाजूनं उभं आहे. त्या दोघांनाही वाचवण्याचा रस्ता एकच आहे, आणि तो आता आपल्याला ठाऊक आहे.