चवीच्या गाळ्यांपलीकडचं ‘आहार’

दिल्लीच्या प्रगती मैदानात साधारण मार्चमध्ये ‘आहार’ हे हॉटेलधंद्याचं प्रदर्शन भरतं. भारत व्यापार संवर्धन संघटना ते भरवते. २०२५ साली ते एकोणचाळिसावं होतं. मुंबईतल्या हॉटेलमालकांच्या संघटनेलाही ‘आहार’च म्हणतात, पण ती वेगळी. पुढच्या काही वर्षांत आपल्या ताटात काय येणार याचा अंदाज बांधायला हॉटेलवाले, आचारी, पुरवठादार आणि आमच्यासारखे लिहिणारे तिथे जातात. गेल्या दहा-बारा वर्षांतली ही प्रदर्शनं आठवताना मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. उद्याचं खाणं चव घ्यायला देणाऱ्या गाळ्यांवर क्वचितच दिसलं. ते दिसलं भट्ट्या, डबे आणि बिलिंगच्या यंत्रांमध्ये.

डब्यांचंच घ्या. पूर्वी पार्सल म्हणजे फॉइलचा डबा, रबरबँड लावलेली प्लास्टिकची पिशवी आणि वर कागद. मग २०१४ साली बंगळुरूत स्विगी सुरू झाली, झोमॅटोही घरपोच सेवेत उतरली आणि पॅकेजिंगवाल्यांकडची गर्दी वाढू लागली. रस्सा न सांडणारी सीलबंद वाटी, वाफेला वाट देणारं बिर्याणीचं झाकण, एकदा फाडली की पुन्हा न चिकटणारी पट्टी. खाणारा हॉटेलात येणारच नाही, हे गृहीत धरूनच या वस्तू बनवलेल्या होत्या. पुण्यात रोलच्या दुकानातून वाढलेल्या फासोजने हे फार लवकर ओळखलं. बसून खाण्याची दुकानं आवरून एकाच भटारखान्यातून बिर्याणी, पिझ्झा, रोल असे वेगवेगळ्या नावांचे ब्रँड चालवायला तिने सुरुवात केली. तीच आजची रेबेल फूड्स. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आली, देशभर जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली आणि उसाच्या चिपाडापासून बनवलेल्या डब्यांना मागणी आली. ऊस पिकवणाऱ्या आपल्या राज्याने त्या गाळ्यांकडे जास्तच लक्ष द्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

२०२० चं प्रदर्शन मार्चच्या पहिल्या आठवड्यात पार पडलं आणि तीन आठवड्यांच्या आत देश बंद झाला. पुढचं भरलं ते थेट एप्रिल २०२२ मध्ये. मधल्या काळात क्यूआर कोडचं मेन्यूकार्ड टेबलावर येऊन बसलं होतं. ते कुणाला प्रदर्शनात शोधावं लागलं नाही.

त्या सुमाराला सगळ्यात जास्त बोललं गेलं ते वनस्पतिजन्य मांसाबद्दल. रितेश आणि जेनेलिया देशमुखांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ आणलं, इतरही कंपन्या उतरल्या. चव घेणाऱ्यांची कमतरता नव्हती. पण हॉटेलवाल्याचे प्रश्न साधे असतात: किलोला काय भाव, आणि चिकनपेक्षा महाग असेल तर गिऱ्हाईक का मागेल? ज्या देशात शाकाहारी माणसाकडे पनीर, डाळी आणि सोयाबीनच्या वड्या आधीच आहेत, तिथे या प्रश्नाला चांगलं उत्तर मिळणं अवघड होतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष आलं, तेव्हा नाचणीचे नूडल्स आणि ज्वारीचा पास्ता यांचंही असंच कौतुक झालं. माझ्या मते त्यातलं टिकेल ते नाचणीचा डोसा आणि भाकरी, कारण ते बनवायला आचाऱ्याला नवं काही शिकावं लागत नाही.

खरा बदल ज्या यंत्रांनी घडवला, त्यांच्यापुढे फोटो काढणारे कमीच असायचे. वाफ आणि कोरडी उष्णता एकाच पेटीत देणारा कॉम्बी ओव्हन जर्मनीच्या रॅशनल कंपनीने १९७६ मध्ये आणला. ब्लास्ट चिलर शिजलेला पदार्थ साधारण दीड तासात तीन अंशांवर आणतो, म्हणजे जंतू वाढायला वेळच मिळत नाही. ही दोन यंत्रं एकत्र आली की मखनी, पांढरी, कांदा-टोमॅटोची आणि पालकाची अशा चार ग्रेव्ह्या एका मोठ्या भटारखान्यात करून सगळ्या शाखांना पाठवता येतात. शाखेत वस्ताद लागत नाही, गरम करणारा पोरगा पुरतो. टाळेबंदीत गावी गेलेले कित्येक आचारी परतले नाहीत, तेव्हा मालकांनी चपातीच्या आणि कणीक मळण्याच्या यंत्रांची, आपोआप ढवळणाऱ्या कढईची चौकशी जोरात सुरू केली. एका साखळीच्या प्रत्येक शाखेत पनीर बटर मसाला हुबेहूब तसाच का लागतो, याचं उत्तर इथे आहे. मला त्याचं वाईट वाटतं. वस्तादाच्या हाताने दर दिवशी थोडी बदलणारी चव ही खाण्यातली मोठी गोष्ट होती. पण भट्टीपुढे बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाची त्यातून सुटका होत असेल, तर ते यंत्र नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता माझं लक्ष तंदूरवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही जुलैपर्यंतची मुदत दिली. त्यामुळे गॅसच्या आणि विजेच्या तंदूरच्या गाळ्यांवर मुंबईचे हॉटेलवाले काय विचारतात, ते कान देऊन ऐकायला हवं. रोटी फुगते का, तिला काळे ठिपके पडतात का, आणि गर्दीच्या वेळी तासाला किती निघतात, हे त्यांचे प्रश्न असणार.