वेबवरील अर्ज : रचना, तपासणी आणि पोंच

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यांत कारखान्यांच्या भिंतींलगत ज्यांची शेती उरली आहे, त्या शेतकऱ्यांस हल्लीं पेरणीइतकेंच अर्ज भरण्याचें कामहि चुकत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व उभ्या पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवरून करण्याची रीत पडली. कृषि खात्याच्या अनेक योजनांचे अर्ज महाडीबीटीवर करावे लागतात. तेथें २०२५ सालीं सोडत बंद होऊन प्रथम येणाऱ्या अर्जास प्राधान्य देण्याचें ठरलें. अशा वेळीं अर्ज भरला परंतु पोंचला नाहीं, तर नुकसान पदरीं येतें. म्हणून हा अर्ज आंतून कसा चालतो, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

पूर्वीं कचेरींत अर्ज देतांना तीन गोष्टी घडत. छापील नमुना मिळे. कारकून भरलेला अर्ज वाचून उणीव दाखवी. आणि शेवटीं आवक-नोंदवहींत क्रमांक चढून पोंच हातीं पडे. वेबवरील अर्जांतहि हींच तीन कामें आहेत. प्रोग्राम लिहिणारे तीं दर वेळीं मुळापासून करीत नाहींत. फ्रेमवर्क नांवाच्या तयार सांगाड्यावर उभीं करतात. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत लॉरेन्स येथें एका वृत्तपत्राच्या कचेरींत जन्मलेला व २००५ सालीं सर्वांस खुला झालेला जँगो हा असाच एक सांगाडा होय. इतर सांगाड्यांचीहि रीत बहुतांशीं हीच आहे.

उदाहरणार्थ, खेड तालुक्यांतील एखादी सहकारी संस्था कांद्याच्या बियाण्याची मागणी वेबवरून घेऊं इच्छिते, असें समजूं.

१. रचना. कोणत्या रकान्यांत काय यावयाचें, हें आधीं ठरवावें लागतें, व बरेचसे घोटाळे येथेंच होतात. गट क्रमांकाचा रकाना केवळ अंकांचा ठेवला, तर वांटण्या होऊन ज्याचा गट ११२/२/अ असा झाला आहे, त्याचा अर्ज पुढें सरकणारच नाहीं. तो रकाना अक्षरांचा हवा. क्षेत्राच्या रकान्यावर हेक्टर-आर असें स्पष्ट लिहावें. एक एकर म्हणजे सुमारें ०.४० हेक्टर, तेथें कोणी एकराच्या समजुतीनें १ लिहिला, तर क्षेत्र अडीचपट होतें. जँगो ज्या पायथन भाषेंत लिहिला आहे, ती देवनागरी अंक ओळखते. परंतु ब्राउझरची अंकांची चौकट ते बहुधा घेत नाहीं. म्हणून तेथें साधी चौकट ठेवून अंकांची पारख सर्व्हरवर, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या मुख्य संगणकावर, करावी. सातबाराची फाइल जोडावयाची असल्यास अर्जासोबत फाइलहि जाणार, असें रचनेंतच नमूद करावें लागतें. तें राहिलें तर फाइलचें नांव तेवढें जातें, फाइल मागेंच राहते.

२. तपासणी. ब्राउझर करतो ती तपासणी सोयीपुरती; खरी तपासणी सर्व्हरवर होते. प्रथम एकेक रकाना व नंतर सर्व मिळून अर्ज पाहिला जातो. कांद्यास हेक्टरीं ८ ते १० किलो बियाणें पुरतें. ०.४० हेक्टरासाठीं कोणी ४० किलो मागितलें, तर दोन्ही रकाने स्वतंत्रपणें बरोबर असूनहि अर्ज चुकीचा ठरला पाहिजे. चूक निघाल्यास भरलेला मजकूर जागच्या जागीं ठेवून त्या त्या रकान्यापाशीं मराठींत कारण दाखवावें. सारा अर्ज कोरा करून परत देणें म्हणजे शेतकऱ्याचा वेळ मातींत घालणें होय. मात्र जोडलेली फाइल ब्राउझर सुरक्षिततेसाठीं आपण होऊन पुन्हां लावीत नाहीं. ती दुसऱ्यांदा निवडावी लागते, हें अर्जदारानें विसरूं नये.

३. दाखल करणें. जँगो प्रत्येक अर्जांत एक गुप्त खूण घालतो. दुसऱ्याच संकेतस्थळावरून आपल्या नांवें कोणी अर्ज पाठविला, तर ती खूण न जुळल्यानें तो नाकारला जातो. हीच खूण लॉगिन करतांना बदलते. म्हणून लॉगिनपूर्वीं उघडून ठेवलेला अर्ज नंतर पाठविल्यास परत येतो. असें झाल्यास पान नव्यानें उघडावें. अर्ज नोंदला गेल्यावर अर्जदारास लगेच पोंचेच्या वेगळ्या पानावर न्यावें, म्हणजे पान ताजें केल्यास तोच अर्ज पुन्हां जात नाहीं. तथापि जाळें मंद असतां कोणी बटण दोनदां दाबतोच; त्यासाठीं एका हंगामांत एका गटावर एका खातेदाराचा एकच अर्ज, असा निर्बंध नोंदवहींतच घालावा.

यावरून दोन गोष्टी ध्यानीं घ्याव्यात. बटण दाबणें म्हणजे अर्ज पोंचणें नव्हे. क्रमांक दिसेपर्यंत पान मिटूं नये, व तो क्रमांक वहींत टिपून ठेवावा. आणि ज्या संस्था असे अर्ज करवून घेतात, त्यांनीं काम पुरें झालें असें मानण्यापूर्वीं आपल्याच सभासदांचे पांच-सात अवघड उतारे त्यांत भरून पाहावेत : पोटहिश्शाचा गट, सामाईक खातें, दहा आरांहून लहान तुकडा. ते जेथें अडतील, तेथें रचना दुरुस्त करून घ्यावी. हंगाम सुरू झाल्यावर त्यास सवड मिळत नाहीं.